शेवंतीच्या पाठीवर

पुतळाबाई पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आली ती उजवा खांदा धरून, आणि खांदा दाखवायच्या आधी तिने माझीच परीक्षा घेतली. "हाडांची डॉक्टर ना तू? मंग बोंबलाला हाडं किती, सांग." मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. "म्हंजे चोळनारी," असं म्हणून ती टेबलावर पालथी पडली. दुसऱ्या कुणी मला चोळणारी म्हटलं असतं तर मी त्याला जिना दाखवला असता. तिच्यावर मात्र मला रागावता आलं नाही, आणि पुढेही कधी आलं नाही.

ती मालाडच्या बाजारात मासळी विकते. गिऱ्हाइकाने पापलेट उचलून नाकाला लावलं की म्हणते, "बाय, नाक घरी ठेव आन मंग ये." मार्व्याच्या पुढच्या कोळीवाड्यात तिचं घर. नवरा कधीच गेला. थोरला मुलगा चंदर बोटीवर जातो. धाकटा प्रितम, त्याला बोट लागायची. कोळ्याचं पोर आणि बोटीत पाय ठेवला की उलट्या, याहून मोठी थट्टा त्या गावात दुसरी नव्हती. शेवटी प्रितमने बोटीचा नाद सोडला आणि एक घोडी आणली. त्या बाजूला रोज कुठल्या ना कुठल्या मालिकेची लढाई चाललेली असते. त्यातल्याच एका लढाईत घोडी फटाक्यांना बुजली आणि शूटिंगवाल्यांना नकोशी झाली. काळीभोर, कपाळावर फुलासारखा पांढरा ठिपका. पुतळाबाईने तिचं नाव शेवंती ठेवलं आणि पहिल्याच दिवशी तिला चपातीचा तुकडा भरवला.

प्रितम वाळूवर पोरांना रपेट मारायला शिकवू लागला. चाळिशी उलटल्यावर मीसुद्धा शिकायला गेले. आई म्हणाली, "कंबर मोडशीत आणि मगे स्वतःलाच चोळशीत." पण दर रविवारी मी कांदिवलीहून जायची. प्रितम शेवंतीशी सतत बोलायचा. पट्टा आवळतानासुद्धा आधी तिला विचारायचा. कुणी तिच्या पोटात टाच जोरात मारली तर तो त्या माणसाला तिथेच खाली उतरवायचा, मग तो कितीही मोठा साहेब असो. मलाही एकदा उतरवलं होतं.

मग एका संध्याकाळी पोहायला आलेली कॉलेजची मुलं भोवऱ्यात सापडली. प्रितम धावला. दोघांना बाहेर काढलं आणि तिसऱ्यासाठी परत गेला. तो तिसरा वाचला. प्रितमचा देह नंतर गावाच्या उतारापाशी लागला, जिथून शेवंती रोज वाळूवर उतरायची तिथेच.

पुतळाबाई रडली नाही. बायकांनी तिला रडवायचा पुष्कळ प्रयत्न केला, कारण न रडलेली बाई सगळ्यांनाच जड जाते. ती बाजारात जाऊन बसू लागली. चंदर बोटीवरून आला की संध्याकाळी शेवंतीला बाहेर काढू लागला. वर्षभर घोडी गरिबासारखी वागली. वर्षश्राद्ध झालं, आणि त्यानंतर काही दिवसांतच ते सुरू झालं.

मला ते चंदरने फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले होते. "खोगीर घातला की पाठ खाली जाते तिची," तो म्हणाला. "कोन बसल्यासारखी. वर कोन नसताना." मी म्हटलं, रविवारी येते.

त्या रविवारी ओहोटी होती. बोंबील वाळवायच्या काठ्या रिकाम्या उभ्या होत्या आणि वारा पडला होता. शेवंती अंगणात शांत उभी. पुतळाबाईने घरातून गोधडी आणली. प्रितमच्या शर्टांची होती ती, चौकड्याचा शर्ट, निळा शर्ट, पिवळी जर्सी, सगळे तुकडे जोडून वर्षश्राद्धानंतर तिनेच शिवलेली. ती तिने स्वतःच्या हाताने शेवंतीच्या पाठीवर घातली, सुरकुत्या काढल्या. चंदरने वर खोगीर ठेवलं आणि पोटाखालचा पट्टा आवळला.

घोडीची पाठ खाली गेली. हळूहळू, मध्यातून, एखादा माणूस नीट बेताने बसावा तशी. मागचे पाय थोडे वाकले. तिने श्वास रोखला. उजवी रिकीब कुणी हात न लावता हलायला लागली, पाय अडकवण्यासाठी चाचपडावं तशी.

"बसला," पुतळाबाई म्हणाली.

तिचा आवाज बाजारातला नव्हता. इतका मऊ आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि खरं सांगते, मला घोडीपेक्षा त्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

चंदर लगाम धरून पुढे चालू लागला. पाठीवर कुणी नाही, तरी घोडी ओझं वाहत असल्यासारखी पावलं टाकत होती. उताराच्या तोंडाशी पुतळाबाई आधीच जाऊन एका दगडावर बसली होती. घोडीने उतारावर पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं आणि थांबली. कान मागे गेले. अंगावरची कातडी माशी झटकावी तशी थरथरू लागली, पण माशी नव्हती. मग तिने मान डावीकडे, समुद्राकडे वळवली आणि किंचाळली. घोडी खिंकाळते ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं.

"ये पोरा, बस. नीट बस," पुतळाबाई रिकाम्या खोगिराकडे बघून म्हणाली.

रिक्षात बसल्यावरही मी मागे वळून उताराकडे बघत होते. माझा कशावरही विश्वास नसतो. माणूस सांगतो एकीकडे दुखतंय आणि दुखणं असतं दुसरीकडे, म्हणून मी हाताला लागेल तेवढंच खरं मानते. घोडीच्या बाबतीत माझ्या हाताला काही लागलं नव्हतं आणि डोळ्यांनी मात्र सगळं पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात एका सोसायटीतल्या बाईंच्या मुलीला घेऊन शेवंती उतारावर अशीच वाकली आणि मुलगी पुढे घसरून वाळूत पडली. लागलं काही नाही, पण बाईंनी गाव डोक्यावर घेतलं. गाव तर आधीच बोलत होतं. प्रितम बुडाला तेव्हाच काही म्हाताऱ्या म्हणाल्या होत्या की काळी घोडी दारात आली आणि तिने पोराला खाल्लं. आता म्हणू लागले, बाधा आहे, गावात नको. मुलुंडचा एक माणूस लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवतो, त्याने शेवंतीला न्यायची तयारी दाखवली. येत्या अमावास्येआधी घेऊन जा, असं चंदरने त्याला सांगूनही टाकलं.

पुतळाबाईने ते ऐकलं आणि दाराच्या चौकटीत बसकण मारली. "शेवंती गेली म्हंजे माझा प्रितम गेला," ती म्हणाली. "तो हिच्यावर बसून येतो. दुसरा काय हाय त्याच्याकडे यायला? बोट त्याला लागते."

मला हसू यायला हवं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी चंदरला बाजूला घेतलं. "अमावास्येपर्यंत थांब. तिला कुठेतरी दुखतंय का ते आपण बघू. मुलुंडला तरी ती काय करणार? बँडसमोर अशी वाकली तर नवरदेवासकट जाईल." शेवंती राहावी एवढंच माझ्या मनात होतं. ती राहिली की पुतळाबाईचं सगळं राहील, असं मी धरून चालले होते.

नाल ठोकणारा आला. त्याने चारही खूर तपासले. खडा नाही, भेग नाही. घोड्यांचा डॉक्टर आला. त्याने दात पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली. पाठ दाबली तेव्हा मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथे शेवंती दचकली. केसांखाली बारीक पुटकुळ्या होत्या, डॉक्टर म्हणाला घामाने असेल, पाठही लचकली असेल, काही दिवस खोगीर घालू नका. घातलं नाही. घोडी सुधारली, वाळूत लोळली, चपातीसाठी मागे लागली. चंदर उतारावरून तिला मोकळी घेऊन गेला तर नाचत उतरली. मग खोगीर घातलं, आणि पाठ पुन्हा खाली.

"खोगिरातच काहीतरी आहे," मी म्हटलं. चंदरने खोगीर उसवून आतला भुसा पाहिला. काही नाही. गोराईच्या मित्राचं खोगीर आणून घातलं. तरी तेच.

पुतळाबाई हसली. "बसायला जागा नको त्याला? खोगीर घातल्याबिगर कसा बसंल?"

सगळं तिच्या म्हणण्याशी जुळत होतं. खोगीर असलं की येतो, नसलं की नाही. जिथे देह लागला तिथे थांबतो, समुद्राकडे बघतो. आम्ही जेवढं शोधत होतो तेवढा प्रितम खरा होत चालला होता. चंदरसुद्धा आता उतारावर आल्यावर हळू आवाजात "सांभाळून रे" म्हणायला लागला होता. त्याने मला ते सांगितलं नाही, मी ऐकलं.

त्याच संध्याकाळी मी एक गोष्ट केली. पट्टा आवळल्यावर, पाठ खाली गेलेली असताना, मी गोधडी आणि घोडीच्या मध्ये हात सरकवला. आत गरम होतं, ओलसर. उंचवट्याजवळ बोटांना बारीक टणक गाठी लागल्या. शर्टांची बटणं राहिली असतील, असं मला वाटलं. मी तळहात तिथेच दाबून धरला, पेशंटच्या पाठीवर धरते तसा. शेवंतीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यातलं पांढरं दिसलं. मी हात काढून घेतला. तळव्यावर काळपट डाग आला होता. साबणाने गेला नाही.

दोनेक दिवसांनी तळवा खाजायला लागला. मग सुजला, आणि डागाच्या कडेने फोड आले. मी एका म्हाताऱ्याचा गुडघा दाबत होते आणि माझाच हात जळत होता. आणि मला, शिकल्यासवरल्या बाईला, भर दवाखान्यात वाटून गेलं की प्रितमने माझा हात धरला. मध्ये हात घातला म्हणून धरला. मी दार लावून घेतलं आणि उगाच पंख्याकडे बघत बसले.

घरी आई तांदूळ निवडत होती. माझी आई सुगंधा, वडील गिरणीत होते तेव्हापासून कांदिवलीत, पण बोलते अजून मालवणहून परवाच आल्यासारखी. तिने माझा हात ओढून उजेडात धरला.

"बिबो उतलो हा तुका. खंय हात घातलंस?"

"काय?"

"बिबो गे. ल्हानपणी काटो मोडलो तेव्हा तुझ्या टाचेक घातललंय, घर डोक्यार घेतललंस. इसारलंस?"

विसरले होते. आता टाच आठवली, तोच काळा डाग, तीच आग. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, हे आमच्या घरात पोराटोरांना माहीत असतं. आणि बिब्बा कशाकशासाठी वापरतात हेही माहीत असतं. दर शनिवारी दुकानांच्या दारांवर लिंबू-मिरचीच्या खाली तोच तर लोंबत असतो. नजर लागू नये म्हणून.

त्या गाठी बटणांच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पुतळाबाई बाजारात असताना, मी कोळीवाड्यात गेले. चंदर जाळं शिवत बसला होता. मी त्याला हात दाखवला आणि गोधडी मागितली. तो लगेच उठला नाही. त्या गोधडीला पुतळाबाईशिवाय कुणी हात लावत नसे. संध्याकाळी ती स्वतः काढायची, घरात नेऊन उशाशी ठेवायची. डॉक्टर आला तेव्हाही गोधडी घरातच होती. आम्ही खूर पाहिले, दात पाहिले, दोन खोगिरं पाहिली आणि गोधडीला कुणी घोड्याचं सामान म्हणून मोजलंच नव्हतं.

चंदरने पिवळ्या जर्सीची कड उसवली. आत बिब्बे निघाले. काळे, चपटे, सुईने भोसकून दोऱ्यात ओवलेले, मानेकडच्या बाजूला रांगेने, उजवीकडे जास्त. भोकांतून तेल झिरपून आतलं कापड काळं पडलं होतं. पट्टा आवळला की ते दाबले जात. उतारावर खोगीर पुढे सरकलं की सगळं वजन नेमकं त्यांच्यावर येई. उजवीकडे आग झाली की घोडी डावीकडे अंग चोरून मान वळवी, आणि डावीकडे समुद्र होता. थरथरत्या अंगाबरोबर रिकीब हले.

मी हे सगळं भराभरा बोलत सुटले होते. चंदर ऐकत नव्हता. तो दोऱ्याची गाठ बघत होता.

"जाळ्याची गाठ हाय," तो म्हणाला. "आयेचीच. गावात बोलत व्हते ना, घोडीनं पोराला खाल्ला. म्हनून आयेनं घातला असंल. हिला कुनाची नजर लागू नये म्हनून." त्याने गोधडी मांडीवर ठेवली. "आपुन गपचूप काढून टाकू. मी परत शिवतो तशीच. तिला कळनार नाय."

मलाही क्षणभर तेच हवं होतं. पण तेल कापडात मुरलं होतं आणि ते धुऊन जात नाही. जर्सी फेकावी लागणार होती, निळा शर्टही. आणि समजा नाही कळलं, तरी उद्या संध्याकाळी शेवंतीची पाठ खाली जाणार नव्हती. ते आम्ही कसं लपवणार होतो? घोडी वाचवायला मी निघाले होते आणि पोचले होते पुतळाबाईच्या पोराला दुसऱ्यांदा न्यायला. मला माझाच संताप आला.

ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. डोक्यावरची पाटी खाली ठेवली, आमच्याकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं. "कोन उसवली?" एवढंच विचारलं.

चंदरने जाळं पुढ्यात ओढून घेतलं. मी सांगितलं. काही गाळलं नाही. माझा हात दाखवला. मग तिला अंगणात नेलं आणि शेवंतीच्या मानेमागचे केस बाजूला केले. जुन्या खपल्यांवर नवे फोड होते. पुतळाबाईने वाकून पाहिलं. तिचं बोट घोडीच्या कातडीपासून थोडं दूर थांबलं.

"म्हंजे दुखत व्हता तिला?"

"हो."

"जलत व्हता?"

मी म्हटलं, माझ्या हातावरून सांगते, हो.

"आन मी रोज सांगत व्हते, बस पोरा, नीट बस." ती शेवंतीच्या तोंडाकडे बघत राहिली. घोडी तिच्या पदराला हुंगत होती, चपाती आहे का म्हणून. चंदर पुढे झाला, "आये, तुला काय ठावं, तेल कापडातून झिरपंल..." तिने हात वर करून त्याला गप्प केलं.

भरती येत होती आणि उताराखाली दगडांवर पाणी आपटायला लागलं होतं. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल. खरं तर मी त्याचीच वाट बघत होते, तेवढंच मला बरं वाटलं असतं.

"मंग तो नव्हता," ती म्हणाली.

"आये..."

"नव्हता. तो असता तर तिला दुखवला असता? टाच मारली तर मान्साला खाली उतरवायचा." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला उतरवला व्हता ना?"

मी मान हलवली.

तिने चंदरच्या हातातून गोधडी घेतली. जर्सी आणि निळा शर्ट माशाच्या सुरीने स्वतःच टाके तोडून वेगळे केले आणि चुलीत घातले. चौकड्याचा शर्ट कोरडा होता. तो तिने नाकाला लावला, घडी घातली आणि कमरेला खोवला. मग चंदरला म्हणाली, "मुलुंडवाल्याला सांग, घोडी देनार नाय."

फोड भरून यायला वेळ लागला, शेवंतीचे आणि माझेही. पाठ कोरडी झाल्यावर चंदरने साधी पोत्याची घडी घालून तिच्यावर खोगीर चढवलं. मी मुद्दाम गेले होते. पट्टा आवळला. पाठ तशीच, सरळ. शेवंतीने शेपटी उडवली.

पुतळाबाई सवयीने आधीच उतारावरच्या दगडावर जाऊन बसली होती. संध्याकाळ तशीच होती, ओहोटी, पडलेला वारा, रिकाम्या काठ्या. घोडी उतारावर आली. दोन पावलं टाकली. लाज वाटते पण सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं की थांब, एकदा तरी थांब.

शेवंती थांबली नाही. ती सरळ वाळूवर उतरू लागली. पुतळाबाई दगडावरून उठली आणि लगबगीने तिच्या बाजूला गेली. चंदरने लगाम खेचला. तिने रिकाम्या खोगिराच्या मागे, घोडीच्या उघड्या पाठीवर हात ठेवला आणि हळू थोपटलं, झोपलेल्या पोराला थोपटतात तसं.

"जा गो बाय," ती म्हणाली. "आता कोन नाय तुझ्यावर."

घोडी पुढे गेली. पुतळाबाई तिथेच वाळूत बसली, कमरेचा शर्ट काढून तोंडावर धरला आणि मोठ्याने रडायला लागली. तिचा बाजारातला आवाज होता तो. गावातल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या.